अविवाहित काकांच्या पश्चात : कागदपत्रांचे एक वर्ष

माझे काका अविवाहित होते. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे, साताऱ्याच्या राहत्या घरी, झोपेतच त्यांचे निधन झाले. कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९४८. त्या पिढीतल्या असंख्य मुलांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली हीच तारीख आहे. त्यांच्या मागे मिरजेची त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, त्यांची वहिनी म्हणजे माझी आई, आणि २०१६ मध्ये वारलेल्या त्यांच्या थोरल्या भावाची आम्ही दोन मुले, दादा आणि मी, एवढी माणसे उरली. पत्नी नाही, मूल नाही, आणि कायद्याच्या कसोटीला उतरेल असे मृत्युपत्रही नाही. अशा माणसाच्या पश्चात कोणती कामे येतात, कोणत्या क्रमाने येतात आणि प्रत्येक खिडकीवर ‘मृताशी नाते’ या रकान्यापाशी आपण का अडखळतो, हे आम्हांला आधी कोणी सांगितले नव्हते. आज बहुतेक घरांत असा एखादा काका, मामा किंवा मावशी आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम निधनानंतर तासाभरातच करावे लागले. काकांनी नेत्रदानाचा अर्ज भरलेला होता आणि नेत्रपेढीचा क्रमांक त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. आईने साडेपाचला मला पुण्याला फोन केला, तेव्हा तिला रडूही आवरत नव्हते. पण तिने स्वतःच तो क्रमांक लावला. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. तोवर खोलीतला पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या आणि डोके उशीने किंचित उंच ठेवायचे, एवढेच घरच्यांच्या हातात असते. काकांना चष्मा होता, मधुमेह होता, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते. यांपैकी कशाचीही अडचण आली नाही. पथक आठच्या सुमारास आले आणि अर्ध्या तासात काम आटोपून गेले. आत्याला फोनवर विचारले, तेव्हा ती म्हणाली, “त्यानं सांगून ठेवलंय ना, मग तसंच करा.” संमतीपत्रावर आईची आणि शेजारच्या दोघांची सही झाली.

घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट असते. काकांवर गेली कित्येक वर्षे उपचार करणारे डॉक्टर सात वाजता येऊन गेले आणि त्यांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४अ, भरून दिले. वृद्ध माणूस घरात असेल तर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका जागी ठेवाव्यात. अनोळखी डॉक्टर असे प्रमाणपत्र द्यायला सहसा तयार होत नाहीत आणि ते त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. दुपारी मी पोहोचल्यावर माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमाजवळ, अंत्यसंस्कार झाले. अग्नी दादाने दिला. स्मशानभूमीची पावती खिशात जपून ठेवायची असते, हे तिथल्याच एका ज्येष्ठ माणसाने दादाला आठवणीने सांगितले.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत शुल्क भरावे लागते, त्याहून उशीर झाला तर लेखी परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागदपत्र लागते, आणि वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. दादाने तिसऱ्या दिवशीच नगरपरिषदेत अर्ज, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, स्मशानाची पावती आणि आधार यांच्या प्रती दिल्या. अर्जात नाव लिहिताना मात्र आम्ही बराच वेळ घेतला. काकांच्या आधारवर आजोबांच्या नावापुढे ‘राव’ आहे, निवृत्तिवेतनाच्या आदेशात नाही, आणि एका ठेवपावतीवर तर आडनावातले एक अक्षरच निराळे आहे. आम्ही आधार आणि मुख्य बँकखाते यांच्याशी जुळणारे नाव लिहिले. पुढच्या प्रत्येक कचेरीत याच दाखल्यावरचे नाव ताडून पाहिले जाते, म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी माणसाचे सगळे कागद शेजारी मांडून एकदा वाचावेत. दाखला आठवड्याभरात मिळाला. माहिती देणाऱ्याला पहिली प्रत विनामूल्य मिळते. जादा प्रतींना नाममात्र शुल्क पडते. आम्ही दहा प्रती घेतल्या आणि त्या सगळ्या वापरल्या गेल्या.

तेराव्यानंतर मी आणि आईने काकांची लोखंडी पेटी उघडली. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. १९६९ साली, कोयनेच्या भूकंपाला दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, ते पाटण तालुक्यातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेत रुजू झाले आणि ३१ मे २००६ रोजी निवृत्त झाले. पेटीत त्यांच्या टाचणवह्या, म्हणजे पाठांच्या पूर्वतयारीच्या वह्या, होत्या, निवृत्तिवेतनाचा आदेश होता, बँकेची पासबुके होती आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत होती. मी ती निव्वळ कामाचा कागद म्हणून हातात घेतली आणि संपूर्ण दुपार तीच वाचत बसले. बदल्या, वेतननिश्चिती, प्रशिक्षणे, सगळे काही नोंदलेले होते. १९८९ च्या पानावर दीड महिन्याच्या अर्धवेतनी रजेची नोंद होती. त्या वर्षी बाबांना अपघात झाला होता आणि काका आमच्याजवळ येऊन राहिले होते, एवढेच मला ठाऊक होते. मी तेव्हा सात वर्षांची होते. शाळेत सोडायला, दूध आणायला, रुग्णालयात डबा न्यायला काकाच असत, आणि रात्री तेच मला भागाकार शिकवत. त्यासाठी त्यांनी अर्धा पगार सोडला होता, हे त्यांनी कधीही कोणाला सांगितलेले नव्हते. आईलाही ते त्या दुपारीच कळले. अशा पेटीतले कागद घाईने ‘लागणारे’ आणि ‘न लागणारे’ असे वेगळे करू नयेत, असे मला मनापासून वाटते. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते खरे ठरले, कारण पुढे हेच सेवापुस्तक आमच्या सर्वांत जास्त उपयोगी पडले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निवृत्तिवेतनाचे काम हाती घेतले. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आणि निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या बँकेत, दोन्हीकडे लेखी अर्ज आणि दाखल्याची प्रत देऊन पोच घेतली. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसापर्यंतचेच देय असते. फेब्रुवारीचे पूर्ण महिन्याचे जमा झाले होते, त्यातली उरलेल्या दहा दिवसांची रक्कम बँकेने परत वळती केली. एका नातेवाइकाने सुचवले होते की एटीएम कार्ड आहे, पिनही ठाऊक आहे, तर आधी पैसे काढून घ्या. तसे करू नये. खातेदाराच्या मृत्यूनंतर ते कार्ड वापरण्याचा अधिकार कोणालाच नसतो, आणि नंतर वारसांत शंका निर्माण होतात त्या वेगळ्याच. मोबाइल क्रमांक मात्र चालू ठेवावा. काकांचा फोन आम्ही वर्षभर रिचार्ज करत राहिलो, कारण निम्म्या कामांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत होते.

त्याच बँकेतल्या बचत खात्याला काकांनी २००३ साली मला नॉमिनी केलेले होते, आणि तिथे माझे माहेरचे नाव होते. खिडकीवरच्या बाईंनी विचारले, “तुम्ही मुलगी का?” मी म्हटले, पुतणी. “मग त्यांची मुलं कुठे आहेत?” हा प्रश्न मला वर्षभर ऐकावा लागला. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण दहावीच्या फीपासून लग्नातल्या कन्यादानाच्या वेळी मंडपाच्या खांबाला धरून उभ्या राहिलेल्या काकांपर्यंत सारे काही त्या एका क्षणात समोर येते आणि उत्तर मात्र एका शब्दाचे द्यावे लागते. नावातील बदलासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरले. ज्या स्त्रियांनी लग्नानंतर नाव बदलले आहे, त्यांनी आपल्याला कोणी नॉमिनी केले असल्यास ते नाव आताच दुरुस्त करून घ्यायला सांगावे. टपाल कार्यालयातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या खात्यावर काकांनी २०२१ मध्ये माझे सध्याचे नाव घातले होते, तिथे फॉर्म ११, मूळ पासबुक, दाखला, माझे ओळखीचे पुरावे आणि दोन साक्षीदार एवढ्यावर काम झाले. या योजनेत मृत्यूच्या तारखेपासून साध्या बचत खात्याच्या दराने व्याज मिळते, त्यामुळे हा दावा लांबवण्यात नुकसान आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक घरांतले गैरसमज इथूनच सुरू होतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक नॉमिनीला पैसे देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, पण ते पैसे नॉमिनीने वारसांसाठी सांभाळायचे असतात. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे. मग काकांचा वारस कोण? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे मुख्यत्वे पत्नी, मुले आणि आई. ते कोणीच नसतील तर दुसऱ्या वर्गाची यादी येते. तिच्या पहिल्या नोंदीत वडील आहेत, दुसऱ्या नोंदीत भाऊ-बहीण आहेत आणि भावाबहिणींची मुले चौथ्या नोंदीत आहेत. वरच्या नोंदीतले एकही माणूस हयात असेल तर खालच्या नोंदीला काहीही मिळत नाही. म्हणजे काकांची एकमेव वारस आत्या. ज्यांच्याबरोबर ते उभे आयुष्य राहिले त्या वहिनीचे नाव या यादीत पार सहाव्या नोंदीत येते, आणि दादा व मी आत्या असेपर्यंत वारस नाही.

हे मी वकिलांकडून समजून घेतले आणि त्याच आठवड्यात मिरजेला जाऊन आत्याला सगळा हिशेब लिहून दिला, माझ्या नावावर आलेल्या रकमांसह. कोणीही विचारण्याच्या आधी हे करावे, असा माझा आग्रह आहे. आत्या ऐंशी वर्षांची आहे. तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, “माझ्या पाठीवरचा तो. त्याच्या पैशाचं मला काय करायचंय? त्यानं काही लिहून ठेवलंय का, ते आधी बघ.”

त्यांनी लिहून ठेवले होते. २०२२ च्या रोजनिशीत १ जूनच्या पानावर ‘माझ्या पश्चात’ असा मथळा होता आणि खाली मोजक्या ओळी होत्या. पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. दोन लाख रुपये आपल्या पहिल्या शाळेला द्यावेत, त्याच्या व्याजातून दरवर्षी चौथीनंतर पुढे शिकायला जाणाऱ्या एका मुलीला मदत व्हावी. तेराव्याला गावजेवण घालू नये. बाकीचे वहिनी ठरवतील. खाली त्यांची नेहमीची ठसठशीत सही होती, पण साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेले चालते; पण दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर ते मृत्युपत्र ठरत नाही. ते पान पाहून वकील हळहळले. दोन शेजाऱ्यांना चहाला बोलावून त्यांच्या सह्या घेतल्या असत्या तर आमचे पुढचे आठ-नऊ महिने वाचले असते.

ते महिने गेले एका मुदत ठेवीपायी. एका सहकारी बँकेत काकांची सुमारे सात लाखांची ठेव होती आणि तिचे नॉमिनी माझे बाबा होते. नॉमिनी आधी वारला असेल तर नामनिर्देशन नसल्यासारखेच धरले जाते. काकांच्या रोजनिशीत २०१७ मध्ये ‘ठेव, वारस बदलणे’ अशी नोंद सापडली. २०१९ मध्ये पुन्हा तीच नोंद होती. विजेचे बिल आल्या दिवशी भरणारा हा माणूस एवढे एक काम करू शकला नाही. भावाचे नाव खोडून दुसरे लिहिणे त्यांना जमले नसावे, असेच मला वाटते, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी अधिकच माया वाटते.

रक्कम त्या बँकेच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागण्यात आले. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली हा अर्ज मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या न्यायालयात करायचा असतो, म्हणून आत्या मिरजेची असली तरी अर्ज साताऱ्यात करावा लागला. अर्ज करायचा म्हणजे आत्या ही बहीण आहे, काकांचे आईवडील हयात नाहीत, आणि काका अविवाहित होते, या तीनही गोष्टी सिद्ध करायच्या. तिसरी सर्वांत अवघड, कारण एखाद्या दिवंगत माणसाचे लग्न झालेले नव्हते असा दाखला कोणतीही कचेरी देत नाही. इथे सेवापुस्तक कामी आले. त्यातल्या कुटुंबाच्या तपशिलात ‘अविवाहित’ अशी नोंद होती आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात कुटुंबनिवृत्तिवेतनाचा रकाना कोरा होता. शिधापत्रिकाही जोडली. आजीच्या मृत्यूची नोंद १९८८ ची, ती ग्रामपंचायतीत मिळाली. आजोबा १९७१ मध्ये गेले. त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीत सापडेना, तेव्हा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून १९७२ चा वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, काढला.

त्या फेरफारात आजोबांचे वारस म्हणून आजी, बाबा, काका आणि आत्या अशी चार नावे होती. सोबतच १९७४ चा आणखी एक फेरफार मिळाला. त्याप्रमाणे आत्याने भावांच्या लाभात आपला हक्क सोडला होता. तेव्हा तिचे नुकतेच लग्न झाले होते, आणि गावोगावच्या बहिणी करत तेच तिने केले होते. पन्नास वर्षांनी कायद्याने भावाचा हिस्सा पुन्हा तिच्याकडे आला. मी तिला ती नक्कल दाखवली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या दिवशी तलाठ्याच्या ओट्यावरून घरी येताना काका तिच्याशी बोलले नव्हते, कारण बहिणीने हक्क सोडणे त्यांना मान्य नव्हते. काकांविषयीची ही आठवण आम्हांला कोणत्याही तेराव्याला ऐकायला मिळाली नसती.

न्यायालयाची उन्हाळी सुट्टी संपल्यावर, जून २०२५ मध्ये अर्ज दाखल झाला. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, आणि हरकतीची मुदत संपण्याची वाट पाहिली. मधल्या काही तारखांना केवळ पुढची तारीख मिळाली. ऑक्टोबरमध्ये आत्याला साक्षीसाठी बोलावले. वकिलांनी तिच्या वयाचा उल्लेख आधीच केलेला असल्याने प्रकरण सकाळी लवकर पुकारले गेले आणि तिला बसून उत्तरे देण्याची मुभा मिळाली. ज्येष्ठ साक्षीदार असेल तर ही विनंती अवश्य करावी. प्रमाणपत्र डिसेंबरमध्ये हाती आले आणि ठेवीची रक्कम जानेवारी २०२६ मध्ये आत्याच्या खात्यात जमा झाली. वकिलांची फी अठरा हजार, जाहीर नोटिशीचे अडीच हजार, शिवाय नकला, प्रतिज्ञापत्रे आणि मिरजेहून येण्याजाण्याचा खर्च झाला. न्यायालयीन शुल्क रकमेच्या प्रमाणात ठरते, त्याची तरतूद आधीच करून ठेवावी. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर-दोनशेच्या मुद्रांकाऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो, त्यामुळे बँकेसाठीची हमीपत्रे महाग पडली. मात्र शासकीय कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे; तिथे कोणी मुद्रांक मागितला तर नम्रपणे तसे सांगावे.

आमचे काम संपत आले तेव्हा नियम बदलले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसेल तरीही १५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या, सोपी पद्धत लागू होते आणि सर्व कागद मिळाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढणे बँकांवर बंधनकारक आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत हे अमलात आणायचे होते. आमची ठेव या मर्यादेतही बसली नसती, पण अनेकांच्या बसतील.

जमिनीचे काम त्या मानाने सरळ झाले. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी काकांच्या हिश्श्याची अठरा गुंठे जिरायत जमीन सामाईक सातबाऱ्यात होती. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी द्यायची असते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज केला. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात. मृत्यूचा दाखला, वंशावळ, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि सातबारा दिल्यावर वारस नोंदवहीत नोंद झाली, फेरफार धरला गेला, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत गेली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला. आता काकांच्या जागी आत्याचे नाव आहे. तिला लगेच आमच्या नावे हक्कसोडपत्र करायचे होते. मी आणि दादाने तिला तसे करू दिले नाही. तिचे नाव त्या उताऱ्यावर राहावे असे आम्हांला वाटते. तिने त्या जमिनीपुरते मृत्युपत्र केले, दोन साक्षीदारांसमोर, आणि ते नोंदवलेही.

बाकीची कामे थोडक्यात आटोपली. गॅसची जोडणी आईच्या नावे झाली, शिधापत्रिकेतून आणि फॉर्म ७ भरून मतदार यादीतून काकांचे नाव कमी झाले, आणि आधारच्या संकेतस्थळावर जून २०२५ पासून कुटुंबीयाच्या मृत्यूची नोंद करण्याची सोय झाली आहे, तिचा उपयोग केला. शिधापत्रिकेवर आता फक्त आईचे नाव आहे. ती नवी पत्रिका तिने तिथेच पिशवीत घातली आणि घरी येईपर्यंत पुन्हा बाहेर काढली नाही.

पुस्तके देताना आम्ही आधी यादी केली. वाचनालयाने कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि शब्दकोश घेतले, जुनी पाठ्यपुस्तके आणि टाचणवह्या घेतल्या नाहीत. त्यांना जागाच नव्हती. दिलेले प्रत्येक पुस्तक दाखलनोंदवहीत चढेपर्यंत दादा तिथे थांबला, कारण नोंद न झालेली पुस्तके गठ्ठ्यातच पडून राहतात. टाचणवह्या आता माझ्याकडे आहेत. १९७३ च्या एका वहीत, परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना ओढ्यावर न्यायचे आहे, म्हणून आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाणी किती आहे ते पाहून यावे, अशी सूचना त्यांनी स्वतःलाच लिहिलेली आहे.

फेब्रुवारीत आत्या, आई, दादा आणि मी पाटण तालुक्यातल्या त्या शाळेत गेलो. शाळेला देणगी द्यायची तर ती शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात धनादेशाने द्यावी, समितीचा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्यावी, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. दोन लाखांची पाच वर्षांची ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवली आहे आणि मुद्दल काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे ठरावात लिहून घेतले आहे. समितीचे सदस्य बदलत राहतात, म्हणून अटींचे पत्र तीन प्रतींत केले : एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक कार्यालयात. शाळेचा पट आता फार कमी उरला आहे. मुख्याध्यापकांनीच संकोचत विचारले, की उद्या ही शाळा शेजारच्या गावच्या शाळेत समायोजित झाली तर या ठेवीचे काय करायचे. आम्ही तिथेच बसून पत्रात आणखी एक अट घातली : शाळा बंद झाल्यास ठेव या गावची मुले ज्या शाळेत जातील त्या शाळेकडे जाईल, आणि मदत याच गावच्या मुलीला मिळेल. यंदा चौथीत दोन मुली आहेत. एकीलाच द्यायचे असे काकांनी लिहिलेले असले तरी यंदा दोघींना द्यावे, असे आत्याने सुचवले, आणि दुसऱ्या मुलीची रक्कम तिने स्वतःच्या पिशवीतून काढून मुख्याध्यापकांकडे दिली. त्याचीही पावती घेतली आहे.